सत्तर हजार लोकांच्या भाषेसाठी सरकारी पैशाची वाहिनी असावी का?

इन्व्हर्नेसवासी

स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत गेलिक ही तेथील जुनी भाषा बोलता येते असे सांगणारे लोक सुमारे ६९,७०० निघाले. नुसती समजणारे किंवा वाचू शकणारे धरले, तर हा आकडा १,३०,१६१ होतो, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्के. या भाषेसाठी १९ सप्टेंबर २००८ पासून 'बीबीसी अल्बा' ही स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी चालू आहे. बीबीसी आणि स्टोर्नोवे येथील 'एमजी अल्बा' ही संस्था मिळून ती चालवतात. एमजी अल्बाला स्कॉटिश सरकारकडून अनेक वर्षे दरसाल सुमारे १.३ कोटी पौंड मिळत आले, आणि बीबीसीचा वाटा दूरचित्रवाणी परवान्याच्या शुल्कातून येतो. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क घरटी १७४.५० पौंड झाले. ते मीही भरतो, आणि मला गेलिकचे चार शब्दही येत नाहीत.

केवळ सरकारी हिस्सा बोलणाऱ्यांच्या संख्येने भागला, तरी माणशी वर्षाला १८५ पौंडांच्या आसपास रक्कम येते. माझा या भाषेला विरोध नाही. मात्र रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या लांबत असताना एवढ्या लहान समूहासाठी अख्खी वाहिनी चालवणे कितपत योग्य आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यामुळे भाषा खरोखर टिकते का, याविषयी सदस्यांची मते जाणून घ्यायची आहेत. वेल्स आणि आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आवर्जून लिहावे.

रोखठोक

नसावी. ज्यांना वाहिनी हवी, त्यांनी वर्गणी भरून चालवावी. कोणतीही भाषा बोलणाऱ्यांच्या इच्छेवर जगते, अनुदानावर नव्हे.

पैपैचा_हिशेब

इन्व्हर्नेसवासी, भागाकार बरोबर आहे, पण तो करण्यामागचा समज मला पटत नाही. दूरचित्रवाणीचा एक तास तयार करायला जो खर्च येतो, तो पाहणारे सत्तर हजार असोत वा सात कोटी, जवळजवळ तेवढाच असतो. कॅमेरा, संकलन, पटकथा, कलाकारांचे मानधन यांपैकी काहीही भाषकांच्या संख्येनुसार स्वस्त होत नाही. म्हणून लहान भाषेचा माणशी खर्च नेहमीच डोळ्यांत भरणारा दिसणार. हाच भागाकार वेल्सच्या 'एस४सी'ला लावून पाहा. २०२२ पासून त्या वाहिनीला परवाना शुल्कातून वर्षाला सुमारे ८.९ कोटी पौंड मिळू लागले, आणि २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५,३८,००० होते. माणशी १६५ पौंड झाले. म्हणजे माणशी पाहिले, तर दोन्ही भाषांना मिळणारी रक्कम फारशी वेगळी नाही. पण वेल्श वाहिनीकडे कार्यक्रम बनवायला जवळपास सातपट पैसा आहे. पडद्यावर फरक पडतो तो या सातपटीने.

आणखी एक उदाहरण देतो. फेरो बेटांची लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी वर आहे आणि १९८४ पासून तेथे फेरोई भाषेतील स्वतःची दूरचित्रवाणी आहे. 'आम्ही फारच थोडे आहोत, आम्हाला वाहिनी कशाला?' असे तेथे सहसा कोणी विचारत नाही.

रोखठोक

फेरोंची तुलना गैरलागू आहे. तेथे जवळजवळ प्रत्येक जण ती भाषा रोज बोलतो. गेलिक भाषक सगळे इंग्रजी जाणतात, त्यामुळे बातम्या कळण्यासाठी त्यांना वेगळ्या वाहिनीची गरज नाही.

सौदामिनी

मी कार्डिफमध्ये राहते आणि माझी दोन्ही मुले वेल्श माध्यमाच्या शाळेत जातात, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगते.

एस४सी कोणी कृपाळूपणे दिलेली नाही. १९७९ च्या निवडणुकीपूर्वी हुजूर पक्षाने वेल्श वाहिनीचे आश्वासन दिले आणि सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच ते मागे घेतले. त्यावर अनेकांनी परवाना शुल्क भरायचे नाकारले, आणि प्लाइड कम्री या पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विन्फॉर इव्हान्स यांनी मे १९८० मध्ये जाहीर केले की ६ ऑक्टोबरपासून आपण आमरण उपोषणाला बसू. मार्गारेट थॅचर यांचे सरकार सहजासहजी नमणाऱ्यांपैकी नव्हते, तरीही १७ सप्टेंबरला, उपोषण सुरू होण्यापूर्वीच, त्यांनी माघार घेतली. १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली.

रोखठोक यांच्या 'वर्गणी भरा' या सूचनेतला पेच असा की बीबीसीच्या इंग्रजी वाहिन्यांचा पैसाही याच शुल्कातून जातो, आणि ते शुल्क वेल्श व गेलिक भाषकही भरतात. शुल्क सर्वांकडून घ्यायचे आणि आपल्या भाषेतील कार्यक्रमांचे वेगळे पैसे मात्र ठरावीक लोकांनीच द्यायचे, हा हिशेब मला एकतर्फी वाटतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडते. २०११ मध्ये वेल्श बोलणारे १९ टक्के होते, २०२१ मध्ये १७.८ टक्के झाले. चाळीस वर्षे वाहिनी असूनही टक्का घसरला.

जुने_दप्तर

गेलिक भाषक सगळे इंग्रजी जाणतात, हे खरे आहे. पण ते आपोआप घडलेले नाही. १६१६ मध्ये स्कॉटलंडच्या राजपरिषदेने कायद्यातच लिहून ठेवले की डोंगराळ भागात आणि बेटांवर इंग्रजी रुजवावी आणि तेथील भाषा नाहीशी करावी. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सर्वत्र नेल्या, परंतु त्यात गेलिकचा उल्लेखही नव्हता. मुलांना शाळेत घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. तरीही १८९१ मध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांहून अधिक होते. सरकारी पैशाने जे मोडले, त्याच्या डागडुजीला सरकारी पैसा लागणार, एवढे साधे गणित यात आहे.

रोखठोक

१६१६ चे बिल आजच्या करदात्याला?

जुने_दप्तर

व्याज माफ करण्यात आले आहे.

शिकाऊ_गेल

मी ग्लासगोमध्ये गेली काही वर्षे गेलिक शिकतो आहे, म्हणून प्रेक्षक या नात्याने लिहितो. अल्बावर संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलांचे कार्यक्रम सुरू होतात, मग बातम्या, संगीत, माहितीपट, आणि मध्यरात्रीच्या आसपास प्रक्षेपण संपते. १९९३ पासून चालू असलेला 'योर्पा' हा युरोपविषयक कार्यक्रम माझ्या मते ब्रिटनमधील उत्तम वृत्तकार्यक्रमांपैकी आहे, आणि गेलिक न येणारेही तो पाहतात.

माझी तक्रार उपशीर्षकांविषयी आहे. मुलांचे कार्यक्रम सोडले, तर जवळजवळ सर्वत्र इंग्रजी उपशीर्षके चित्रातच कोरलेली असतात, ती बंद करता येत नाहीत. एस४सीवर उपशीर्षके हवी तर लावता येतात, नको तर काढता येतात. येथे ती सोय नसल्यामुळे शिकणाऱ्याचे डोळे आपोआप इंग्रजी ओळीवर जातात आणि कान झोपतो. अनेक गेलिक भाषकांनीही याविरुद्ध मोहीम चालवली आहे. वाहिनी ज्यांच्या नावाने चालते, त्यांच्यापेक्षा ज्यांना भाषा येत नाही त्यांचीच सोय आधी पाहिली जाते.

रोखठोक

हेच मी म्हणणार होतो. आता फुटबॉलविषयीही बोला. सामन्याचे समालोचन गेलिकमध्ये, सामना संपल्यावर खेळाडूंच्या मुलाखती इंग्रजीत. प्रेक्षकसंख्या त्या सामन्यांमुळे गेलिक भाषकांच्या कित्येक पट दिसते आणि तीच संख्या पुढच्या अनुदानासाठी पुढे केली जाते. भाषेच्या नावाने पैसा घ्यायचा आणि फुटबॉलच्या जोरावर प्रेक्षक दाखवायचे, याला काय म्हणावे?

गॉलवेची_गौरी

रोखठोक, खेळाचा मुद्दा इतका सरळ नाही. आयर्लंडमधील 'टीजी४' ही वाहिनी ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी कॉनेमारातील बाली ना हावन या गावातून सुरू झाली. मायकल डी. हिगिन्स तेव्हा संस्कृती खात्याचे मंत्री होते. 'ही वाहिनी पाहणार कोण?' या प्रश्नाने तेव्हाही वृत्तपत्रांचे रकाने भरले होते. वाहिनीने गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या आयरिश खेळांचे क्लबस्तरावरील सामने, महिलांचे सामने असे इतरांनी दुर्लक्षिलेले खेळ दाखवायला घेतले, समालोचन आयरिशमध्ये ठेवले, आणि ज्यांनी शाळा सोडल्यापासून आयरिशचा एक शब्द उच्चारला नव्हता, अशा लाखो लोकांच्या घरात ती भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली. माझे सासरे त्यांपैकीच. ते आयरिश बोलत नाहीत, पण पंचाला मात्र त्याच भाषेत दूषणे देतात.

२०२२ च्या आयरिश जनगणनेत आयरिश बोलता येते असे म्हणणारे १८ लाखांहून अधिक होते, परंतु शाळेबाहेर रोज बोलणारे फक्त ७१,९६८. अर्धवट येणाऱ्यांचा हा प्रचंड समूह टीजी४चा खरा प्रेक्षक आहे. स्कॉटलंडमध्ये तसा समूह फार लहान आहे, म्हणून टीजी४चे यश अल्बाकडून जसेच्या तसे मागणे अन्यायाचे ठरेल.

चित्रपटांचाही उल्लेख करते. टीजी४ ज्या योजनेत भागीदार आहे, तिच्यातून आलेला 'अन कॅलीन क्यून' हा आयरिश भाषेतील चित्रपट ऑस्करच्या अंतिम नामांकनांपर्यंत गेला.

आबा_नागपूरकर

आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका चालतात. त्यांतील मराठी ऐकल्यावर भाषा वाचवण्यासाठी वाहिनी बंद ठेवण्याचे अनुदान द्यावे, असा प्रस्ताव मी मांडतो.

पैपैचा_हिशेब

अनुमोदन. आबा, त्या अनुदानाचा मुख्य लाभार्थी आपणच असाल, हेही नोंदवतो.

मांडवीतीर

विनोद बाजूला ठेवतो. गोव्यात दूरदर्शनच्या पणजी केंद्रावरून कोकणी कार्यक्रम होतात, आणि खासगी वृत्तवाहिन्याही कोकणी बातम्या देतात. पण २०११ च्या जनगणनेत कोकणी भाषक साडेबावीस लाख होते. एवढ्या संख्येवर स्थानिक जाहिरातींतून बातम्यांचा खर्च कसाबसा निघतो. मुलांचे चांगले कार्यक्रम आणि मालिका यांचा खर्च मात्र तेथेही निघत नाही, म्हणून मुले त्यांसाठी हिंदीकडे किंवा इंग्रजीकडे वळतात. बाजारावर सोपवले, तर बातम्या जगतात आणि बालकार्यक्रम मरतात, असे मला दिसते. सत्तर हजारांच्या भाषेत तर बातम्याही जगणार नाहीत.

बालवाडीताई

मांडवीतीर यांनी नेमके बोट ठेवले आहे. मी एडिंबरामध्ये पूर्वप्राथमिक शिक्षिका आहे. गेलिक माध्यमाचे प्राथमिक शिक्षण १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेस येथे अगदी मोजक्या मुलांनिशी सुरू झाले. आज हजारो मुले या माध्यमात शिकतात. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी गेलिक कोणालाच येत नाही. शाळेच्या दारातून बाहेर पडल्यावर त्या मुलाला गेलिक ऐकू कोठून येणार? शेजारी बोलत नाहीत, दुकानदार बोलत नाही, आजीही बोलत नाही. पेप्पा नावाचे ते गुलाबी डुक्कर जेव्हा गेलिक बोलते, तेव्हा मुलाला प्रथमच असे वाटते की ही फक्त बाईंची भाषा नाही. हा खर्च मी शिक्षणखर्चच मानते.

माझी चिंता दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांची आहे. त्या वयात मुले दूरचित्रवाणीच सोडतात आणि मोबाइलवर जातात. तेथे त्यांना गेलिकमध्ये फारच थोडे सापडते.

वाटसरू

आता थोडे कडू बोलतो. २०२० मध्ये हायलंड्स अँड आयलंड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पश्चिमेकडील बेटांवरील गेलिकचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे बेटांवर रोजच्या व्यवहारात भाषा वापरणाऱ्या समाजात सुमारे ११,००० लोक उरले आहेत, त्यांत वयस्करांचा भरणा आहे, आणि परिस्थिती अशीच राहिली तर दहा वर्षांत गावागावांतून ही समाजाची भाषा म्हणून नाहीशी होऊ शकते. हा अभ्यास आला तेव्हा अल्बा सुरू होऊन बारा वर्षे झाली होती. २०२२ च्या जनगणनेने त्याला दुजोराच दिला. देशभर गेलिक येणाऱ्यांची संख्या वाढली, परंतु पश्चिम बेटांवर बोलणाऱ्यांचे प्रमाण २०११ मधील ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. भाषा शहरांत शिकली जाते आहे आणि गावांत विझते आहे.

त्या बेटांवर तरुण जोडप्याला घर मिळत नाही, कारण घरे सुट्टीसाठी येणारे श्रीमंत विकत घेतात. बोटींचे वेळापत्रक बेभरवशाचे असते. भाषा बोलणारे कुटुंबच बेट सोडून गेले, तर वाहिनी कोणासाठी? मॅन बेटावरील मँक्स भाषेची शेवटची जन्मजात भाषक मानली जाणारी व्यक्ती १९७४ मध्ये वारली. त्या भाषेला दूरचित्रवाणी वाहिनी कधीच नव्हती, पण २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली आणि आज तेथे मँक्स बोलणारी मुले आहेत. शाळा आणि घरे यांना पैसा द्या, पडद्याला नको, असे माझे मत आहे.

रोखठोक

वाटसरू यांच्याशी सहमत. स्कॉटलंडच्या याच पश्चिम बेटांवर चित्रित झालेली, गेलिकमधील आजवरची सर्वांत खर्चिक म्हणून गाजलेली 'अन चेलान' ही चार भागांची गुन्हेकथा जानेवारी २०२५ मध्ये आली. त्या पैशात किती घरे दुरुस्त झाली असती, हा प्रश्न विचारणे पाप आहे का?

लुईसची_लाट

पाप नाही, पण उत्तर ऐकून घ्यावे. माझे पती या पश्चिम बेटांपैकी लुईसचे आहेत आणि आम्ही स्टोर्नोवेजवळ राहतो. येथे पदवीधर तरुणाला मिळणाऱ्या नोकऱ्या म्हणजे नगरपालिका, रुग्णालय, शाळा आणि हे प्रसारण. पहिल्या तीन ठिकाणी गेलिक आली तर छान, नाही आली तरी चालते. कॅमेरामन, संकलक, निवेदक, पटकथालेखक या कामांसाठी मात्र गेलिक येत असेल तरच पगार मिळतो, आणि तोही बेट न सोडता. आमच्या गल्लीतील एक मुलगा ग्लासगोला गेला होता. तो परत आला तो एका निर्मितीसंस्थेत काम मिळाले म्हणूनच. आता त्याची लहान मुलगी घरात गेलिक बोलते. 'अन चेलान'चा पैसा हवेत गेला नाही. त्यातील मोठा भाग येथील खाणावळी, गाड्या, सुतार आणि कलाकार यांच्या हातात पडला.

वाटसरू यांनी घरांविषयी लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे आहे. पण एमजी अल्बाचे अनुदान उद्या बंद केले, तर तो पैसा घरबांधणीकडे वळेल, अशी हमी कोण देतो? सरकारी तिजोरीत एका कप्प्यातून काढलेले दुसऱ्या कप्प्यात पडतेच असे नाही. येथील लोकांना हे चांगले ठाऊक आहे.

कलमबहाद्दर

कायद्याच्या अंगाने एक गोष्ट चर्चेत आली नाही. १९९० च्या प्रसारण कायद्याने गेलिक कार्यक्रमांसाठी प्रथम स्वतंत्र निधी उभा केला. २००३ च्या दळणवळण कायद्याने आजची संस्था निर्माण झाली. प्रसारण हा विषय लंडनच्या अखत्यारीत आहे, या संस्थेच्या सदस्यांची नियुक्ती ऑफकॉम ही ब्रिटिश नियामक संस्था करते, पण पैसा एडिंबराचे सरकार देते, आणि किती द्यायचा हे बहुतांशी मंत्र्यांच्या मर्जीवर आहे. वेल्श वाहिनीची रक्कम परवाना शुल्काच्या करारातच ठरते, शिवाय बीबीसीने तिला आठवड्याला किमान दहा तासांचे कार्यक्रम विनामूल्य द्यावेत असे बंधन आहे. १९७४ पासून चालणारी 'पोबोल अ कुम' ही मालिका त्यातलीच. गेलिकला अशी पक्की तरतूद नाही. अल्बा सुरू झाली तेव्हापासून अनेक वर्षे तिचे अनुदान जवळपास त्याच आकड्यात अडकून राहिले, आणि महागाई मात्र थांबली नाही. २०२५ च्या कायद्याने गेलिकला स्कॉटलंडमध्ये अधिकृत दर्जा मिळाला, पण त्या दर्जासोबत वाहिनीला निधीची हमी मिळाली नाही.

आबा_नागपूरकर

म्हणजे जेवायला बोलावणारा एक, वाढणारा दुसरा आणि ताट कोणते ते ठरवणारा तिसरा.

इन्व्हर्नेसवासी

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. दरडोई खर्चाची कसोटी लावू नये, हे पैपैचा_हिशेब यांचे म्हणणे मला पटते. पण मग कोणती कसोटी लावायची, हे कोणी नीट सांगितले नाही, म्हणून मीच मांडून पाहतो. एकूण प्रेक्षकसंख्या ही कसोटी नको, कारण ती वाहिनीला फुटबॉलकडे आणि कोरलेल्या इंग्रजी उपशीर्षकांकडे ढकलते. त्याऐवजी गेलिक माध्यमातील मुलांपैकी किती जण घरी तिचे कार्यक्रम पाहतात, किशोरवयीनांसाठी वर्षाला किती नवे तास तयार होतात, आणि बेटांवर किती कामे टिकतात, हे दर काही वर्षांनी तपासावे. या तिन्ही गोष्टी समाधानकारक असतील, तर मी माझ्या शुल्कातील वाटा तक्रार न करता देईन.

शिकाऊ_गेल

मुलांची कसोटी मान्य, पण प्रौढ शिकाऊ लोकांना यादीतून वगळू नका. शहरांमध्ये भाषा वाढते आहे ती आमच्यामुळेही.

रोखठोक

कसोट्या चांगल्या आहेत. त्यांत वाहिनी नापास झाली, तर ती बंद करण्याचे धैर्य कोणते सरकार दाखवेल, एवढे सांगावे. माझा विरोध कायम आहे, परंतु बालकार्यक्रमांपुरता मी तो मागे घेतो.

सौदामिनी

बंद करण्याचे धैर्य सरकारांमध्ये मुबलक असते, रोखठोक. २०१० मध्ये एस४सीच्या निधीला मोठी कात्री लागली आणि तिचा खर्च परवाना शुल्कावर ढकलण्याचा निर्णय झाला, तेव्हा वेल्समधील चारही प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी मिळून विरोध केला होता; उपयोग फारसा झाला नाही.

लुईसची_लाट

बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे तिचे काम आणि कर्तव्ये ठरवणारा दस्तऐवज, २०२७ च्या अखेरपर्यंतची आहे. नव्या सनदेत गेलिकसाठी निश्चित रक्कम लिहिली जावी, यासाठी येथील लोक प्रयत्नशील आहेत. इन्व्हर्नेसवासी, तुम्ही परवानाधारक आहात, तेव्हा सार्वजनिक सल्लामसलतीत तुमच्या त्या तीन कसोट्या लिहून पाठवा. इंग्रजीत पाठवल्या तरी चालतील.